परतीचं पाकीट

पाकीट दाराखालून आत सरकलं तेव्हा मी गॅसपाशी उभी होते. कागद फरशीवर घासल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दबडे पोस्टमनची सायकल निघून गेल्याचा. मी वळून पाहिलं नाही. आमटीला फोडणी दिली, झाकण ठेवलं, हात पुसले आणि मग दाराकडं गेले.

जाडजूड पाकीट. वर पत्ता माझ्याच अक्षरात.

ज्यांनी कधी मासिकांकडं कथा पाठवली नसेल त्यांना हे सांगायला हवं. तेव्हा कथेबरोबर एक रिकामं पाकीटही पाठवावं लागायचं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं. कथा आवडली तर संपादकांचं पोस्टकार्ड यायचं. नाही आवडली तर त्याच पाकिटातून कथा घरी. म्हणजे आपल्या नकाराची सगळी सोय आपणच करून द्यायची, तीही सुवाच्य अक्षरात. दबडेंना हे पुरतं पाठ झालं होतं. कार्ड आलं की ते फाटकापासून हाक मारायचे, ‘वहिनी, कार्ड!’ जाड पाकीट असलं की आवाज न करता दाराखालून सरकवायचे आणि सायकलवर टांग टाकायचे. माणूस भला होता, पण त्यांच्या त्या भलेपणाचा मला विलक्षण संताप यायचा.

पाकिटात माझी कथा होती, ‘रिता पाळणा’. वर नेहमीची छापील चिठ्ठी: आपली कथा चांगली आहे, तथापि आमच्या अंकाच्या स्वरूपात बसत नसल्याने साभार परत करीत आहोत. त्या ‘तथापि’वर माझा फार राग होता. मी चिठ्ठी डाळीच्या डब्याखाली सारली आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले.

या कथेवर मी सगळं पणाला लावलं होतं. गल्लीतल्या बायकांना ती मी वाचून दाखवली तेव्हा पदर डोळ्यांना लागले होते. शेजारच्या मालूताईंनी तर मला जवळ घेतलं होतं, कारण कथा मूल नसलेल्या बाईची आणि मला मूल नाही हे सगळ्या तासगावला ठाऊक. कथेतली नलिनी डॉक्टरांकडून परत येते, माळ्यावरचा जुना पाळणा खाली काढते आणि त्याच्या दोरीला धरून रात्रभर रडते. याहून जास्त आतडं पिळवटून मी काय लिहिणार होते? आणि हेही परत आलं होतं.

थोरल्या दिरांनी, अण्णांनी, माझ्यासाठी पतसंस्थेत जागा बघून ठेवली होती. ‘जूनपासून ये म्हणतायत. लिहिण्याबिहिण्याचं झालं तेवढं पुष्कळ झालं,’ असं ते दोनदा येऊन सांगून गेले होते. मी म्हटलं होतं, हा एक निकाल लागू दे. तो लागला होता. पतसंस्थेत जाण्याचं दुःख नव्हतं. चार बायका जातात तशी मीही गेले असते. पण एकदा तिथं टेबलाशी बसले की पुन्हा कथेसाठी पेन उचलायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सारखं सारखं आपलंच अक्षर दाराखालून आत येताना बघण्याची ताकद संपली होती.

आमटी खाली उतरवतेय तोच फाटक वाजलं. दारात शालन म्हेत्रे उभ्या होत्या.

शालनताई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. त्यांचा आवाज सगळ्या गावाला माहीत, चेहरा फार थोड्यांना. दहा-बारा वर्षांपूर्वी यजमान वारले. एकुलती एक मुलगी, रोहिणी. तिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. आणि त्या लग्नाची मंगलाष्टकं मी लिहिली होती. कथा परत येत होत्या तरी मंगलाष्टकांना मात्र गावात मागणी होती. दोन्हीकडच्या माणसांची नावं गुंफायची, कुणाचा मामा राहता कामा नये, कुणाची आत्या रुसता कामा नये, आणि सगळं वृत्तात बसवायचं. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यातही आईवरचं कडवं ही माझी खासियत. आमच्याकडं मुलीच्या आईनं मंगलाष्टकं लागताना मांडवात थांबायचं नसतं. ती मागं तुळशीपाशी बसून तुळशीला पाणी घालत असते. त्यामुळं तिच्यावरचं कडवं तिच्या माघारी म्हटलं जातं, आणि म्हणूनच मांडवातल्या बायका त्या कडव्याला हमखास रडतात. आई विधवा असेल तर मग विचारायलाच नको.

‘या की शालनताई,’ मी म्हटलं. ‘छापून आली का?’

‘नाही अजून. आबाभाऊजी आज प्रेसला द्यायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा जरा.’ त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. पर्समधून माझेच कागद काढले आणि गुडघ्यावर ठेवले. ‘कमलताई, एक विनंती होती. हे आईवरचं कडवं तेवढं बदलून द्याल?’

मला वाटलं, आबा म्हेत्र्यांना काहीतरी खटकलं असणार. आबा त्यांचे दीर, कन्यादान तेच करणार होते. ‘आबासाहेबांचं नाव मागं गेलंय का? पुढं घेते की.’

‘त्यांना काही नाही. त्यांना तर फार आवडलं. मलाच नको आहे.’

एका सकाळीत दुसऱ्यांदा. माझा चेहरा बहुधा पडला असणार, कारण त्या घाईनं म्हणाल्या, ‘वाईट वाटून घेऊ नका हं. चांगलंच लिहिलंय. फक्त ते माझं नाही.’

चांगलं आहे, तथापि. मला डाळीच्या डब्याखालची चिठ्ठी आठवली आणि डोकं तापलं.

‘नाही म्हणजे? कुठं चुकलं तेवढं तरी सांगाल?’

त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि त्यांच्या त्या स्वच्छ, टेलिफोनवरच्या आवाजात ओळ वाचली, ‘डोळ्यांचे करुनी दिवे जननिने रात्री किती जागल्या. ही ओळ मी मागच्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या सुतारांच्या पुतणीच्या लग्नातही ऐकली होती.’

‘वृत्तात बसलेली ओळ कुणी टाकून देत नाही, शालनताई. आणि विधवा आईचं दुःख थोडंच दर लग्नात बदलतं?’

‘सुतारवहिनींचं तसंच होतं. त्या खरंच जागल्या, त्यांना ती ओळ शोभली. मी जागले नाही.’ त्या थांबल्या. बाहेर कुणी आहे का ते बघावं तसं त्यांनी दाराकडं पाहिलं. ‘मला हे गेल्यावर फार छान झोप लागायला लागली.’

मी उठून दार लोटून घेतलं.

‘मारत-बिरत नव्हते हो. दारू नाही, काही नाही. पगार घरात आणून द्यायचे. पण घरात कुणी हसलं की विचारायचे, काय झालं हसायला? रागानंही नाही. सरळ विचारायचे, आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. आता हसण्याला काय उत्तर द्यायचं? रोहिणी चार वर्षांची असल्यापासून हसताना तोंडावर हात धरायची. मीच शिकवलं होतं.’

आमटीचा वास घरभर पसरला होता. त्या कागदांच्या कडा जुळवत बोलत राहिल्या.

‘तेरावं झालं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच जेवायला बसलो. तिच्या हातनं वरणाचं भांडं कलंडलं, सगळं चटईवर. ती घाबरून दाराकडं बघायला लागली. मीही बघितलं. मग आमच्या लक्षात आलं की आता कुणी येणार नाही. आणि हसू फुटलं दोघींना. इतकं हसलो कमलताई, की शेजारणीला वाटलं रडतोय. ती धावत आली समजूत घालायला. तिला बघून आणखीनच हसू.’

‘मग सांगितलंत तिला?’

‘छे हो. पदरात तोंड घातलं. तिनं पाठीवरनं हात फिरवला आणि गेली. आजतागायत सगळ्यांना वाटतं, शालननं फार सोसलं.’ त्या माझ्याकडं बघत होत्या. ‘मी तुळशीपाशी असणार, पण कर्ण्यातनं सगळं ऐकू येतं. आणि रोहिणी अंतरपाटामागं उभी असणार. तिला ठाऊक आहे आम्ही कशा राहिलो. घर सोडून जाताना शेवटचं ऐकायचं ते हे, तिची आई रडत बसायची म्हणून? आमची सगळी वर्षं खोटी ठरवल्यासारखं होईल तिला.’

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची कीव वगैरे आली नाही. मला राग आला. ‘मग काय लिहू? मंगलाष्टकात बरं झालं गेले म्हणून लिहू?’

‘तसं कोण म्हणतंय? लोकांना काही कळायला नको. पण आम्हा दोघींना कळलं पाहिजे. तुम्ही लिहिणाऱ्या, तुम्हाला जमेल.’ त्या उठल्या. दाराशी चपला घालता घालता म्हणाल्या, ‘कुणाला बोलले नव्हते आजपर्यंत. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देते, माझं कुठं जोडायचं राहिलंच होतं.’

दुपारी जयवंत जेवायला आले. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते. बोलणं मोजकं. माझ्या कथांबद्दल तर एक शब्द नाही. लिहायला लागल्यापासून आठ वर्षांत मी त्यांना एकही कथा कधी वाचायला दिली नव्हती आणि त्यांनी कधी मागितली नव्हती. माझ्या कथांची हकिकत त्यांना मालूताईंच्या यजमानांकडून कळायची.

ताटावर बसल्या बसल्या त्यांनी टेबलाकडं पाहिलं. जाड पाकीट तिथं पडलं होतं. नजर तिथून हलवून त्यांनी भाकरी मोडली.

‘अण्णांना कळवा,’ मी म्हटलं. ‘जूनपासून जाते म्हणून.’

‘बरं.’

एवढंच. सुटलो एकदाचा, असं मनात म्हणत असतील, मला वाटलं. त्या ‘बरं’चा मला दिवसभर सल राहिला. निदान कशाला घाई करतेस, एवढं तरी म्हणायचं.

त्या कडव्यानं मात्र माझा जीव खाल्ला. आई म्हटलं की हाताला आपोआप लागणारे शब्द होते, माया, आसवं, दिवे, पदर. त्यातला एकही चालणार नव्हता. शालनताई त्या वरणाच्या भांड्याशी बसलेल्या दिसायच्या आणि वृत्त बसायचं नाही. वृत्त बसायचं तेव्हा त्या दिसायच्या नाहीत. कणीक मळताना, केर काढताना मी बोटांवर अक्षरं मोजत होते. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना ओळ आली. मी ओल्या हातांनी घरात धावले आणि पाकिटाच्या पाठीवरच ती लिहून काढली:

दोघींनी मिळुनी घरात भरले हासू, तिथूनी निघे.

म्हटलं तर साधी ओळ. एकही अलंकार नाही. ती एका चिठ्ठीवर उतरवून मी शालनताईंच्या ऑफिसात गेले आणि खिडकीतून आत दिली. कानाला हेडफोन लावलेला तसाच ठेवून त्यांनी वाचली. पलीकडचं कुणीतरी कर्कश आवाजात मिरजेचा नंबर मागत होतं. त्यांनी चिठ्ठी घडी करून ब्लाउजात ठेवली, मान हलवली आणि म्हणाल्या, ‘जोडते हं, थांबा.’ ते मला म्हणाल्या का त्या मिरजवाल्याला, मला कळलं नाही.

आबा म्हेत्रे नाखूश होते. ‘हासू? अहो बाई, लोकांचे डोळे भरून यायला पाहिजेत इथं. पहिलं काय वाईट होतं?’ पण वहिनींनीच सांगितलंय म्हटल्यावर त्यांचा इलाज चालला नाही.

लग्नाच्या दिवशी मी मांडवात पुढं बसले होते. एरवी माझं कडवं आलं की मी चोरून बायकांच्या डोळ्यांकडं बघायची, किती पदर वर जातात ते. त्या दिवशी अक्षता वाटून झाल्या, मुलगी बोहल्यावर आली, मामा मागं उभा राहिला आणि मला काही बसवेना. मी उठले आणि कार्यालयाच्या मागच्या दारानं बाहेर पडले.

परसात तुळशीवृंदावन होतं. शालनताई पाटावर बसून तांब्यातनं बारीक धार धरत होत्या. शेजारी त्यांची एक म्हातारी चुलतसासू राखणीला बसवल्यासारखी बसली होती. भिंतीवर कर्णा बांधला होता. शालनताईंनी मला बघून पाटावर थोडं सरकल्यासारखं केलं, म्हणून मी त्यांच्या बाजूला टेकले.

शाळेतल्या गायनाच्या बाई माइकवर होत्या. गणपती झाला, कुलदैवत झालं, मुलाकडचे झाले, मामा झाले. मग बाईंनी आईचं कडवं उचललं. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसरी ओळ आली. दोघींनी मिळुनी घरात भरले हासू. बाईंनी ‘हासू’वर छान तान घेतली.

आणि तान संपता संपता कर्ण्यातून आणखी एक आवाज आला. माइक बोहल्याच्या अगदी जवळ असणार. कुणीतरी खुदकन हसलं होतं, तोंडावर हात न धरता.

शालनताईंची धार थांबली. मग त्याही हसल्या, चांगल्या मोठ्यानं.

‘अगं ए,’ चुलतसासू म्हणाली, ‘पोरगी चालली सासरला. रडावं की जरा. लोक काय म्हणतील?’

‘रडते हो, आत्याबाई,’ शालनताई म्हणाल्या, आणि खरंच रडायला लागल्या. हसणं मोडलं नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. मांडवात वाजंत्री कडाडली, अक्षता पडल्या असणार. मी तुळशीला पाणी घालत राहिले, कारण त्यांना ते जमत नव्हतं.

मी जेवायला न थांबता घरी आले.

ते पाकीट टेबलावर होतं. मी कथा बाहेर काढली आणि खुर्चीत बसून पहिल्यापासून वाचायला लागले. शालनताईंच्या आवाजात वाचत होते असं म्हणता येईल. नलिनी डॉक्टरांकडून येते. नलिनी माळ्यावर चढते. नलिनी दोरीला धरून रात्रभर रडते. आणि माझ्या आतून कुणीतरी सरळ विचारलं, कुठला पाळणा? आमच्या माळ्यावर पाळणा कधी नव्हताच.

मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून, आता आशा धरू नका, असं सांगितलं तो दिवस मला लख्ख आठवत होता. त्याच्याविषयी मी आठ वर्षं लिहीत होते आणि एकदाही तो लिहिला नव्हता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला सडकून भूक लागली होती. वर्षानुवर्षांची औषधं, तपासण्या, सासूबाईंचे उपासतापास, दर महिन्याला सगळ्या घरानं माझ्याकडं रोखून बघणं, ते सगळं संपलं होतं. आता मला कुणी काही विचारणार नव्हतं. आता दुपारभर मी लिहीत बसले तरी कुणाचं काही अडणार नव्हतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी दोन प्लेट मिसळ खाल्ली. समोर जयवंत चहाचा कप धरून बसले होते आणि मी खात होते. घरी आल्यावर सासूबाई गळ्यात पडून रडल्या, मालूताई रडल्या, म्हणून मीही रडले. आणि मग ते रडणंच खरं म्हणून धरून चालले.

मला स्वतःची भीती वाटली. अशी कशी बाई मी, असं वाटलं. शालनताईंना तर नवऱ्याचा जाच होता, माझ्याकडं काय निमित्त होतं? मी कथा मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत कामावर गेल्यावर कोरे कागद घेतले आणि दवाखान्याच्या पायऱ्यांपासून सुरुवात केली.

पंधराएक दिवस लागले. नलिनी गेली, पाळणा गेला, रात्र गेली. बाईला नावच दिलं नाही. शेवट स्टँडसमोरच्या हॉटेलात केला. मालूताई दोनदा विचारून गेल्या, नवीन काय? मी म्हटलं, काही नाही. ही कथा गल्लीत वाचण्यासारखी नव्हती. ती ज्याला आधी वाचायला द्यायला हवी होती तो माणूस रोज माझ्यासमोर बसून मुकाट्यानं जेवत होता. आणि ती वाचून तो माणूस माझ्या ताटाला ताट लावून बसेल की नाही, हे मला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी जयवंत मागल्या दारी पायरीवर पेपर वाचत होते. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवले.

‘काय आहे?’

‘वाचा.’

त्यांनी चष्मा पुसला. मी आत येऊन तांदूळ निवडायला घेतले. निवडलेले तांदूळ मी पुन्हा सुपात घेत होते, इतकं माझं लक्ष होतं. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. ते आत आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले.

‘दोन प्लेट लिहिलंयस,’ ते म्हणाले.

‘हं.’

‘माझ्यासाठी मागवलेली पण तूच संपवलीस. वर कट मागितलास दोनदा.’

मला मान वर करवेना. ‘राग आला?’

‘त्या दिवशी आला होता. म्हटलं, हिला काहीच कसं वाटत नाही.’ ते सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवत म्हणाले. ‘मग बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपलीस. तासगाव येईपर्यंत. किती महिन्यांनी तशी झोपलेली बघितलं. म्हटलं, झोपू दे.’

तांदूळ धूसर दिसायला लागले होते. आम्ही दोघंही सुपाकडंच बघत होतो.

‘मला हवं होतं गं मूल,’ जयवंत म्हणाले. ‘अजून वाटतं कधी कधी.’

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथम ऐकलं. बोलले नाहीत म्हणून त्यांना काही नसेल, असं मी धरून चालले होते. माझ्या कथेतला नवरा नुसता चहाचा कप धरून बसला होता. मला त्याच्यात दुसरं काही दिसलंच नव्हतं.

‘हे कथेत नाही,’ मी म्हटलं.

‘नाही.’

‘घालू?’

त्यांनी विचार केला. ‘नको. ही तुझी आहे. माझं बघू पुढं कधी.’ मग उठून उभे राहत म्हणाले, ‘पाकिटं कुठं असतात तुझी?’

मी दाखवली. ते टेबलाशी बसले, बॉलपेन घेतलं आणि परतीच्या पाकिटावर आमचा पत्ता लिहायला लागले. स्टोअरमधल्या डब्यांवर सुट्या भागांची नावं घालून घालून त्यांचं अक्षर तसंच झालं होतं, ठोकळ्यासारखं, सुटं सुटं, लांबून वाचता येणारं.

‘अहो, पत्ता मी लिहिते की.’

‘तुझ्या अक्षरातलं परत आलं की तू दिवसभर त्याच्याकडं पाठ करून बसतेस. माझ्या अक्षरातलं आलं तर काय होतं बघू.’

‘म्हणजे परत येणार असं धरूनच चालताय?’

‘स्टोअरचा माणूस आहे. साठा ठेवावा लागतो.’ त्यांनी दुसरं पाकीट ओढलं, मग तिसरं. पाच-सहा झाल्यावर ती सगळी पाकिटं त्यांनी भिंतीवरच्या घड्याळामागं खोचून ठेवली.

कथा मी पाठवली. ठरल्याप्रमाणे पतसंस्थेतही रुजू झाले. आठवड्याभरात मला कळलं की तिथल्या कामानं माझ्या सकाळी काही खाल्ल्या नाहीत, आणि त्या सकाळी मी लिहीतच राहिले. शालनताई एकदा संस्थेत आल्या होत्या. रोहिणी बरी आहे म्हणाल्या, आणि आम्ही उगाचच दोघी हसलो. माझ्या शेजारचा कारकून म्हणाला, काय झालं हो हसायला? त्यावर शालनताईंना इतकं हसू आलं की त्यांना खुर्चीवर बसवावं लागलं.

नागपंचमीच्या सुट्टीला मी घरात होते. पुरणाचा हात होता. फाटकापाशी सायकल थांबली. दाराखालून काही सरकलं नाही. मग कडी वाजली.

दबडे दारात उभे होते. हातात जाड पाकीट, उलटंसुलटं करून बघत होते.

‘वहिनी, पत्ता तुमचाच दिसतोय,’ ते संकोचून म्हणाले, ‘पण अक्षर काही ओळखीचं नाही. कुणाचं आहे हे?’

ठोकळ्यासारखी, सुटी सुटी अक्षरं. मला ती फाटकापासूनही वाचता आली असती. मी पुरणाचा हात पदराला पुसला, घड्याळाकडं एकदा पाहिलं आणि हात पुढं केला.

‘घरचंच आहे,’ मी म्हटलं. ‘द्या इकडं.’